पार्टुला

मृदुकाय संघातील उदरपाद वर्गाच्या पार्टुलिडी कुलातील एक प्रजाती. पॅसिफिक महासागरातील ज्वालामुखी बेटांवरच्या ओल्या, दाट जंगलांत राहणाऱ्या लहान वृक्षवासी गोगलगायींचा हा समूह आहे. तिच्यात शंभराच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या. पश्चिमेला पलाऊ, मारियाना बेटे आणि पापुआ न्यू गिनीपासून पूर्वेला सोसायटी बेटांपर्यंत तिचा पसारा होता. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जाती एकट्या सोसायटी बेटांवर, म्हणजे ताहिती, मोओरेआ, हुआहिने, राइआतेआ, ताहा आणि बोराबोरा यांवर होत्या, आणि त्यांतील बहुतेक आज नामशेष आहेत. ही प्रजाती फेर्युसाक या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये स्थापन केली. ही गोगलगाय अंडी न घालता पिल्लांना जन्म देते, म्हणून त्याने तिला रोमन प्रसूतिदेवतेचे नाव दिले.

शंख साधारण दीड ते तीन सेंमी. उंच, टोकाकडे निमुळता असतो; प्रौढपणी त्याच्या तोंडाची कड जाड होऊन बाहेर वळते. रंग पांढरा, पिवळसर, तपकिरी किंवा गर्द चॉकलेटी असतो. एकाच जातीत, कधी एकाच झाडावर, काही शंख साधे आणि काही पट्ट्यांचे आढळतात. दिवसा ही गोगलगाय पानांच्या खालच्या बाजूला घट्ट चिकटून राहते. जंगली केळ, आले-हळदीच्या कुळातील झाडे, मोठे नेचे आणि केवड्याच्या कुळातील फ्रायसिनेशिया वेल ही तिची आवडती ठिकाणे. रात्री किंवा पाऊस पडून गेल्यावर ती हिंडते आणि सडकी पाने, शेवाळ, बुरशी खाते. जिवंत पिकाला तिचा उपद्रव नाही. प्रत्येक प्राणी उभयलिंगी असतो. अंडे शरीरातच उबते आणि एका वेळी एकच पिल्लू, इवल्याशा शंखासह बाहेर येते. पुढचे पिल्लू यायला काही आठवडे लागतात. वयात यायला वर्षभर, आयुष्य पाच वर्षे किंवा त्याहून जास्त. शत्रू नसलेल्या बेटावर हा संथ संसार लाखो वर्षे निभावला. पुढे काय घडले ते कळायला ही संथ गती ध्यानात ठेवावी लागते.

युरोपीय विज्ञानाला या प्राण्याची ओळख झाली ती कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीत. १७६९ मध्ये राइआतेआवर जे शंख गोळा झाले, त्यांतूनच पुढे पार्टुला फाबा या जातीचे वर्णन झाले. एकोणिसाव्या शतकात अँड्र्यू गॅरेट या अमेरिकन संग्राहकाने सोसायटी बेटांच्या दऱ्या पालथ्या घालून कोणती जात कोणत्या दरीत मिळते हे बारकाईने लिहून ठेवले. त्याचा ग्रंथ १८८४ मध्ये निघाला. त्याच पायावर हेन्री एडवर्ड क्रॅम्प्टन या न्यूयॉर्कच्या जीवशास्त्रज्ञाने १९०६ पासून काम सुरू केले. एकेका दरीत उतरायचे, पाने उलटून गोगलगायी वेचायच्या, शंखाची लांबी-रुंदी मोजायची, रंग आणि वळण नोंदवायचे, पोटातली पिल्ले मोजायची, असे त्याने अर्ध्या आयुष्यभर केले. त्यातून तीन जाडजूड ग्रंथ उभे राहिले: ताहितीवरचा १९१६, गुआम व सायपानवरचा १९२५ आणि मोओरेआवरचा १९३२ मध्ये. शेजारच्या दोन दऱ्यांत हवा, पाऊस, झाडे सारखी असूनही गोगलगायी वेगळ्या असतात, असे त्याच्या आकड्यांतून दिसले. फरकाचे कारण त्याने परिसरात न शोधता दोन समूहांमधील दुराव्यात शोधले. गॅरेटच्या नोंदी हाताशी असल्याने मधल्या काळात कोणती जात किती सरकली हेही त्याला सांगता आले. उत्क्रांतीची इतकी चिकाटीने ठेवलेली रोजनिशी फार थोड्या प्राण्यांना लाभली असेल.

१९६० च्या दशकात ब्रायन क्लार्क आणि जेम्स मरे, आणि नंतर मायकेल जॉन्सन, यांनी हाच धागा आनुवंशिकीच्या साधनांनी पुढे नेला. मोओरेआवरच्या सात जातींमध्ये त्यांना जातिनिर्मितीचे वेगवेगळे टप्पे एकाच बेटावर पाहायला मिळाले: एका दरीत दोन जाती शेजारी राहून अजिबात मिसळत नाहीत, तर दुसऱ्या दरीत त्यांच्यात संकर होऊन मधली रूपे दिसतात. सर्वांत सुंदर उदाहरण शंखाच्या वळणाचे. पार्टुला सुटुरालिस या जातीत डाव्या आणि उजव्या दोन्ही वळणांचे शंख असत. जिथे ती एकटी होती तिथे बहुधा डावी, आणि जिथे डाव्या वळणाच्या जवळच्या जाती शेजारी होत्या तिथे उजवी. उलट वळणाच्या दोन गोगलगायींचा समागम जमणे कठीण असते. त्यामुळे परजातीशी होणारा व्यर्थ संकर टळे. शिवाय पिल्लाचे वळण त्याच्या स्वतःच्या जनुकांवर नाही, आईच्या जनुकांवर ठरते. हे सारे जंगलात, पानांखाली, जिवंत पाहता येत होते.

ते थांबले ते एका उपायामुळे. खाण्यासाठी पाळता येईल म्हणून पॅसिफिक बेटांवर नेलेली आफ्रिकन महागोगलगाय १९६७ मध्ये ताहितीत पोहोचली आणि बागा, भाजीमळे फस्त करू लागली. मराठवाड्यात २०२२ च्या खरिपात सोयाबीनची कोवळी रोपे खाल्लेली शंखी गोगलगाय ती हीच, तेव्हा तिचा त्रास आपल्या शेतकऱ्यांना वेगळा सांगायला नको. तिच्या बंदोबस्तासाठी शेती विभागाच्या शिफारशीवरून युग्लांडिना रोझिआ ही फ्लोरिडाकडची मांसभक्षक गोगलगाय १९७४ मध्ये ताहितीत आणि १९७७ मध्ये मोओरेआत सोडली गेली. युग्लांडिना दुसऱ्या गोगलगायीच्या चिकट मागाचा वास काढत जाते, झाडावर चढते, लहान शिकार शंखासकट गिळते. अवजड आफ्रिकन गोगलगायीपेक्षा दोन सेंमी.ची, हळू वाढणारी, एकेक पिल्लू देणारी पार्टुला तिला कितीतरी सोपी पडली. मोओरेआत ती वर्षाला सुमारे सव्वा किमी. वेगाने पसरत गेली आणि तिच्यामागे जंगल रिकामे होत गेले. १९८७ पर्यंत मोओरेआच्या सातही जाती रानातून संपल्या असे मानले गेले. नंतर राइआतेआवरही हेच झाले. तिथल्या तीसहून अधिक जातींपैकी बहुतेक सर्व गेल्या. ज्यासाठी हे केले तेही साधले नाही, कारण आफ्रिकन गोगलगायींची संख्या काही वर्षांनी युग्लांडिना नसलेल्या ठिकाणीही आपोआप घसरते. हा अपघात नव्हता. हवाईत १९५५ मध्ये हीच शिकारी सोडली होती, आणि ताहितीत ती येण्यापूर्वीच शंखतज्ज्ञांनी या उपायाविरुद्ध जाहीर लिहिले होते.

मोओरेआतले शेवटचे समूह संपत असताना क्लार्क आणि सहकाऱ्यांनी जिवंत गोगलगायी गोळा करून ब्रिटन आणि अमेरिकेतील प्रयोगशाळांत व प्राणिसंग्रहालयांत नेल्या. लंडन, जर्सी, एडिंबरो, ब्रिस्टल, डेट्रॉइट, सेंट लुइस अशा ठिकाणी प्लॅस्टिकच्या डब्यांत, ओट्स, गवताच्या गोळ्या, माशांचे खाद्य आणि कॅल्शियम यांच्या लगद्यावर त्यांच्या पिढ्या वाढल्या. सगळ्या जाती टिकल्या नाहीत. राइआतेआच्या पार्टुला टर्जिडाचा शेवटचा प्राणी १९९६ च्या जानेवारीत लंडनमध्ये मेला. एका सूक्ष्म परजीवीने तो समूह संपवला होता. संसर्गामुळे एखादी जात समूळ नष्ट झाल्याचे ते पहिले नोंदलेले उदाहरण मानले जाते. कुकच्या सफरीत मिळालेली पार्टुला फाबा २०१६ मध्ये एडिंबरोत संपली.

ताहितीत मात्र काही जाती तगून राहिल्या. पांढऱ्या शंखाची पार्टुला हायलिना काही दऱ्यांत जंगलाच्या कडेला, उन्हाच्या झाडोऱ्यात सापडते. तिचा शंख दागिन्यांसाठी मोलाचा होता, म्हणून जुन्या ताहितीकरांनी ती कुक आणि ऑस्ट्रल बेटांवरही नेली. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी युग्लांडिनाच्या पाठीवर आणि हायलिनाच्या विश्रांतीच्या पानांवर मिलिमीटरांत मोजावे असे प्रकाशमापक संगणक चिकटवले. हायलिनाच्या जागी सरासरी दहापट ऊन होते. पांढरा शंख ऊन परतवतो, शिकारी गोगलगाय ते सोसू शकत नाही. हा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कुठली जंगलकड राखायची हे ठरवायला तो थेट उपयोगी आहे.

पश्चिम पॅसिफिकमध्ये परिस्थिती थोडी निराळी आहे. गुआम आणि मारियाना बेटांवर पार्टुला रेडिओलाटा व पार्टुला गिबा अजून आहेत. तिथला मोठा शत्रू न्यू गिनीचा चपटा किडा. या जाती २०१५ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली संरक्षित आहेत.

बंदिवासात वाढलेल्या गोगलगायी पुन्हा रानात सोडण्याचा पहिला प्रयत्न १९९४ मध्ये मोओरेआत कुंपण घालून झाला. युग्लांडिना आत शिरली आणि तो फसला. २०१५ पासून कुंपणाविना, थेट झाडांवर सोडणे सुरू झाले. हजारो गोगलगायी ताहिती, मोओरेआ, राइआतेआ आणि हुआहिनेवर पोहोचल्या. प्रत्येकीच्या शंखावर अतिनील प्रकाशात चमकणारा रंगाचा ठिपका असतो, म्हणजे रात्री शोधता येते आणि रानात जन्मलेली वेगळी ओळखता येते. सप्टेंबर २०२४ मध्ये मोओरेआवर पार्टुला तोहिवेआनाच्या बिनठिपक्याच्या प्रौढ गोगलगायी मिळाल्या, आणि रानातून नामशेष मानलेली ही जात पुन्हा रानात रुजल्याचे मान्य झाले. युग्लांडिना आणि चपटा किडा दोघेही बेटांवर अजून आहेत, त्यामुळे परदेशातील डब्यांतले प्रजनन चालूच आहे.