सोनेशोधनातील पारा

वाळू, खनिजचुरा किंवा सराफी केर यांतले बारीक सोने पकडण्यासाठी पारा वापरण्याची रीत जुनी आहे. पारा सोन्याचे कण धरून घट्ट गोळा होतो. गोळा तापवला की ३५७° सेल्सिअसला पारा उकळून उडतो आणि सोने मागे राहते. उडालेली वाफ श्वासातून शरीरात जाऊन मज्जासंस्था व मूत्रपिंडे बिघडवते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार २०१५ साली मानवी व्यवहारांतून हवेत गेलेल्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के पारा लहान सोनेखाणींतला होता. हा प्रश्न खाणींपुरता नाही. ग्वाल्हेरला सोन्याची खाण नाही. मात्र १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या लष्कर भागात सराफा आहे; आणि सोनारकाम आले की केर धुऊन सोने काढण्याचे कामही आले. ते करणाऱ्याला मराठीत झारेकरी, हिंदीत न्यारिया म्हणतात.

पारा-नियंत्रणाचा मिनामाता करार २०१७ मध्ये अमलात आला. भारताने तो २०१८ मध्ये अनुमोदित केला. त्याचे सातवे कलम खनिजातून सोने काढण्यापुरते आहे, सराफी केर त्यात येत नाही. तरीही उघड्यावर आणि वस्तीत गोळा जाळणे थांबवण्याची त्यातली अपेक्षा सराफ्यालाही लागू करायला हवी. प्रमाण अल्प आहे, हा आक्षेप टिकत नाही : नदीकाठी वाफ मोकळ्या हवेत विरते, पण बंद खोलीत ती कारागिराच्या आणि घरच्यांच्या श्वासात जाते.

नुसत्या बंदीने काम चोरून चालेल, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून कारागिराचे सोने कमी न होता पारा सुटला पाहिजे. सोन्याची घनता १९.३, वाळूची सुमारे २.६५, नीट धुतल्यास बहुतेक गाळ पाण्यानेच वेगळा होतो. उरलेला जड अंश टाकणखार घालून वितळवण्याची रीत फिलिपिन्सच्या बेंगेत प्रांतातील खाणकामगारांनी अनेक वर्षे चालवली आहे. डाख देताना सोनार टाकणखार रोज वापरतात, त्यामुळे येथे तो परका नाही. अतिबारीक कण या रीतीने निसटू शकतात. असा केर सामायिक शुद्धीकरण केंद्राकडे द्यावा. तोवर वाफ थंड करून पारा परत मिळवणारे बंद भांडे वापरावे. ते पारा संपवत नाही, फक्त हानी घटवते. केंद्राचा खर्च सराफांनी उचलणे न्याय्य आहे, कारण केरातले सोने अखेर त्यांच्याच बाजारात परतते.