तोफेच्या आवाजाला सरावणारे हत्ती

म्हैसूरच्या दसऱ्यात विजयादशमीच्या दुपारी राजवाड्याच्या आवारात एक थोराड नर हत्ती पाठीवर सोन्याची अंबारी घेऊन उभा राहतो. अंबारीचे वजन सुमारे ७५० किलो असते आणि तिच्यात चामुंडेश्वरी देवीची मूर्ती असते. मुख्यमंत्री देवीवर फुले वाहतात, राष्ट्रगीत सुरू होते आणि त्याच वेळी जवळ मांडलेल्या तोफांमधून एकवीस बार काढले जातात. अंबारीचा हत्ती, त्याच्या दोन्ही बाजूंच्या हत्तिणी आणि मागचे हत्ती जागचे हलत नाहीत. मिरवणूक पाहायला शहरातून आणि वरुणा, नंजनगूड, टी. नरसीपूर अशा आसपासच्या गावांतून आलेली माणसे रस्त्याच्या दुतर्फा खेटून उभी असतात. त्यांचा जीव या न हलण्यावर अवलंबून असतो. हत्तीला ही स्थिरता जन्मतः मिळत नाही. दरवर्षी दसऱ्याआधीचे काही आठवडे तालीम करून ती त्याच्या अंगी आणली जाते. भीतीला थोडेथोडे सामोरे जाऊन ती ओसरू देण्याची जी पद्धत विसाव्या शतकात मानसोपचाराने शास्त्र म्हणून मांडली, तिचेच एक जुने रूप या तालमीत दिसते.

तोफेचा आवाज हत्तीला माणसापेक्षा अधिक झोंबतो. माणसाच्या कानाला ऐकू येत नाहीत इतके खालच्या पट्टीतले ध्वनी हत्तींना ऐकू येतात, आणि ते स्वतःही असे ध्वनी काढून दूरवरच्या हत्तींशी संपर्क ठेवतात. केटी पेन या संशोधिकेच्या हे १९८४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात लक्षात आले, तेही आशियाई हत्तींजवळ उभे असताना. शिवाय जमिनीतून येणारे हादरे हत्तीला पायाच्या तळव्यांतून जाणवतात. तोफेचा बार म्हणजे खालच्या पट्टीतला प्रचंड आवाज आणि जमिनीचा हादरा, दोन्ही एकाच वेळी. अशा वेळी कळपाकडे धाव घेणे किंवा समोर येईल ते तुडवत पळणे हीच हत्तीची स्वाभाविक प्रतिक्रिया असते.

म्हणूनच बंदुकीची दारू आल्यावर युद्धातल्या हत्तीचे महत्त्व झपाट्याने उतरले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हत्तींच्या शिक्षणाचे टप्पे दिले आहेत. नव्याने धरलेल्या हत्तीने आधी खांद्यावर माणूस बसू द्यायचा, मग खांबाला बांधून घ्यायचे, असे करत तो पुढे युद्धाच्या कवायतीपर्यंत पोहोचतो. तिथे गोंगाट होता तो ढोल-शंखांचा आणि माणसांचा. तोफा आल्यावर ते शिक्षण अपुरे पडले. अकबराच्या काळी तर दारूचा धाक हत्तींवरच वापरला जाऊ लागला. ऐन-ए-अकबरीत चरखी नावाच्या साधनाचे वर्णन आहे. पोकळ बांबूत दारू ठासून दोन्ही टोकांना वात लावायची. पेटल्यावर तो बांबू भयंकर आवाज करत फिरे, आणि झुंजणाऱ्या हत्तींपुढे तो धरला की ते शांत होत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांच्या जड तोफा हत्ती ओढत, पण प्रत्यक्ष माऱ्याच्या टप्प्यात आल्यावर हत्ती सोडून बैल जुंपावे लागत, कारण गोळीबारात हत्तींचा भरवसा नसे.

मिरवणुकीला मात्र हत्तीही हवा होता आणि तोफही. विजयनगरच्या महानवमीत हत्ती, घोडे, सैन्याची पाहणी आणि दारूकाम हे सगळे एकत्र असे. सोळाव्या शतकात तिथे आलेल्या डोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने ते पाहून लिहून ठेवले आहे. विजयनगरच्या पडझडीनंतर म्हैसूरचे राजा वडेयर यांनी १६१० मध्ये श्रीरंगपट्टण घेतले आणि दसऱ्याची ही प्रथा तिथे पुढे चालवली. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर राजधानी म्हैसूरला आली आणि तिच्याबरोबर दसराही आला. राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत सुमारे पाच किलोमीटर हत्तीवरून जाऊन शमीची पूजा करायची, हा या मिरवणुकीचा गाभा. महाराष्ट्रातल्या सीमोल्लंघनाशी त्याचे नाते उघड आहे. या वाटेचा मोठा भाग सयाजीराव रस्त्यावरून जातो आणि त्या रस्त्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव आहे. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. त्यानंतर हा सोहळा राज्य शासनाकडे गेला आणि अंबारीत राजाच्या जागी देवी बसू लागली. तोफांची सलामी मात्र टिकली.

या हत्तींच्या इतिहासाला एक कठोर बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. म्हैसूर संस्थानात जंगली हत्ती खेद्याने धरले जात. जी. पी. सँडरसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८७० च्या दशकात ही पद्धत तिथे रुजवली. हाकाऱ्यांनी ढोल, मशाली आणि बंदुकांचे बार यांच्या जोरावर अख्खा कळप खंदकाने वेढलेल्या कुंपणात रेटायचा. म्हणजे आवाजाची भीती हेच खेद्याचे मुख्य हत्यार होते. पुढे दोरखंड, उपासमार आणि शिकवलेल्या हत्तींचा दाब यांनी जनावर नमवले जाई. काकनकोटेच्या जंगलात शेवटचा खेदा १९७१ मध्ये झाला. कबिनी धरणाच्या पाण्याने पुढे त्या परिसराचा मोठा भाग बुडवला. खेद्यात भीती मोडत नव्हती, जनावर मोडत होते. दसऱ्याच्या तालमीचे मोल या तुलनेत कळते. हत्तीला इथेही निवडीचे स्वातंत्र्य नाही, साखळ्याही आहेत. तरी त्याची भीती वाढू नये, कमी व्हावी, हा या तालमीचा हेतू आहे.

दसऱ्याच्या सुमारे दोन महिने आधी हुणसूर तालुक्यातल्या वीरनहोसहळ्ळी इथे पूजा करून हत्तींची पहिली तुकडी निघते. त्यांचे तळ मत्तिगोडू, दुबारे, बळ्ळे अशा जंगलांतल्या छावण्यांत असतात. पूर्वी ते चालत येत, आता ट्रकमधून येतात. माहूत आणि त्याचा मदतनीस, ज्याला तिथे कावाडी म्हणतात, हे बहुधा जेनू कुरुबांसारख्या जंगलातल्या जमातींतले असतात आणि बायकामुलांसह राजवाड्याच्या आवारात उतरतात. हत्तीच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. परक्या शहरात ओळखीचा आवाज, ओळखीचा वास आणि कानामागे टेकलेला तोच पाय त्याच्या सोबत राहतो.

पहिले काही दिवस हत्ती नुसते चालतात. सकाळ-संध्याकाळ मिरवणुकीच्या वाटेने बन्नीमंटपापर्यंत जायचे आणि परतायचे. गाड्यांचे भोंगे, दिव्यांचा झगमगाट, मोबाइल उंचावून पुढे घुसणारी माणसे, हे सगळे रोज थोडेथोडे अंगवळणी पडते. मग पाठीवर गादी बांधून वाळूची पोती चढवली जातात. वजन टप्प्याटप्प्याने वाढते आणि शेवटी लाकडी अंबारी येते. नवा हत्ती कधीच एकटा चालवला जात नाही. त्याच्या पुढेमागे जुने, मुरलेले हत्ती असतात.

तोफांची तालीम राजवाड्यासमोरच्या दसरा प्रदर्शनाच्या मैदानाजवळ होते, साधारणपणे तीनदा. शहराच्या सशस्त्र राखीव पोलीस दलाचे जवान तोफा चालवतात. त्यांचाही सराव आधी दारूशिवाय होतो. मग कापडी पिशवीत बांधलेली दारू तोंडातून आत सारायची, दांड्याने ठासायची, बत्ती द्यायची आणि लगेच ओला बोळा लावलेल्या दांड्याने नळी पुसायची, कारण आत ठिणगी राहिली तर पुढची पिशवी हातातच पेटेल. पहिल्या खेपेला हत्ती लांब उभे केले जातात. नवख्यांच्या पायांत साखळी असते. बार होतो तसा कोणी सोंड गुंडाळतो, कोणी कान ताठ करून मागे सरतो, कोणी चीत्कारतो. जुना हत्ती मात्र शेपूट हलवत उभा असतो आणि नवखा त्याला सोंडेने चाचपतो. माहूत अंगावर हात फिरवत बोलत राहतो. बार थांबले तरी हत्तींना लगेच तिथून पिटाळले जात नाही. श्वास जागेवर येईपर्यंत थांबणे हा या तालमीतला सर्वात महत्त्वाचा भाग मानला पाहिजे. घाबरलेल्या क्षणीच पळू दिले, तर पळाल्यामुळे वाचलो एवढेच जनावर शिकते. पुढच्या खेपांना अंतर कमी होते. म्हैसूरच्या घोडेस्वार पोलीस दलाचे घोडेही याच मैदानात सोबत असतात.

घोड्यांच्या बाबतीत हे ज्ञान फार जुने आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफनने अश्वविद्येवरच्या पुस्तकात सांगितले आहे की, बुजलेल्या घोड्याला मारू नये. ज्या वस्तूला तो भितो तिला स्वतः हात लावून दाखवावा आणि घोड्याला हळुवारपणे तिच्याजवळ न्यावे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९३ मध्ये बेडकाला भिणाऱ्या मुलासाठी हाच मार्ग सुचवला: बेडूक आधी लांबून दाखवा, मग जवळ आणा, शेवटी हातात द्या. जर्मन कवी गटेला तरुणपणी मोठे आवाज सहन होत नसत. स्ट्रासबुर्गमध्ये शिकत असताना तो संध्याकाळी सैन्याच्या नगाऱ्यांच्या अगदी शेजारून मुद्दाम चालत असे आणि उंचीच्या भीतीसाठी तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर पुन्हा पुन्हा चढत असे.

या अनुभवाला प्रयोगाचे रूप १९२४ मध्ये मिळाले. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडीचा खाऊ देताना पिंजऱ्यातला ससा दिवसेंदिवस जवळ आणला, आणि शेवटी पीटर सशाशी खेळू लागला. त्याच वर्षी म्हैसूर विद्यापीठात एम. व्ही. गोपालस्वामी यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. देशातल्या अगदी पहिल्या विभागांपैकी तो एक. दक्षिण आफ्रिकेतल्या जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या ग्रंथात पुढची पायरी मांडली. रुग्णाने आपल्या भीतीची उतरंड लिहायची, सर्वात सौम्य प्रसंगापासून सुरुवात करायची आणि मन शांत राहते आहे हे पाहूनच वरच्या पायरीवर जायचे. आज विशिष्ट गोष्टींच्या अवाजवी भीतीवर भीतीला क्रमाने सामोरे जाणे हा सर्वात भरवशाचा उपचार मानला जातो. अंतर, तीव्रता, पुनरावृत्ती आणि विश्वासाची सोबत हे त्याचे चार आधार म्हैसूरच्या मैदानातही दिसतात. वैद्यांनी माहुतांकडून ते घेतले नाहीत आणि माहुतांनी वैद्यांकडूनही नाहीत. दोघांना ते भ्यालेल्या जिवाजवळ बसून कळले.

अंबारीपर्यंत पोहोचलेल्या हत्तींच्या आयुष्यात ही चढण स्पष्ट दिसते. द्रोणने अठरा वेळा अंबारी वाहिली. त्याच्यानंतर बलराम आणि २०१२ ते २०१९ अशी आठ वर्षे अर्जुन. २०२० पासून हा मान अभिमन्यूकडे आला. तो आधी मिरवणुकीत पोलीस बँडची गाडी ओढत असे, म्हणजे वाद्यांचा दणदणाट पाठीशी घेऊन तो त्याच रस्त्याने चालून आलेला होता. सगळ्यांना हे साधत नाही. तोफेला बुजणारा हत्ती सलामीच्या जागेपासून दूर ठेवला जातो किंवा मिरवणुकीतून वगळला जातो, आणि हा निर्णय माहुताच्या सांगण्यावरून व्हावा यातच शहाणपण आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये चाऱ्याच्या वेळी धनंजय हा हत्ती कंजनच्या अंगावर गेला आणि कंजन राजवाड्याचे फाटक ओलांडून रस्त्यावर धावला. कोणाला इजा झाली नाही. पण भ्यालेला हत्ती शहरात काय करू शकतो, ते त्या रात्री दिसले.

दसरा संपला की हत्ती छावण्यांत परततात, आणि पुढच्या वर्षी तालीम पहिल्यापासून होते. अनुभवी हत्तींनाही तिच्यातून सूट नसते. याचे कारण रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत सापडते. विझवलेली प्रतिक्रिया काही काळ गेल्यावर आपोआप पुन्हा उमटते, असे त्याला कुत्र्यांमध्ये आढळले होते. भीतीची जुनी खूण मेंदूतून पुसली जात नाही. तिच्यावर नवी, सुरक्षिततेची खूण उमटते, आणि ती जागा व काळ बदलला की फिकट होते. जंगलातल्या दहा महिन्यांच्या शांततेनंतर पहिला बार पुन्हा नवा वाटतो. म्हणून तोफा दरवर्षी लांबूनच सुरू होतात.