राहायला कोणता वाडा घ्याल?

आज बचतीचं रजिस्टर जरा बाजूला ठेवू. समजा, राजेमहाराजांचे वाडे आणि महाल ओळीने पुढे मांडले आणि कुणी म्हटलं, यातला कोणताही एक राहायला घे, तर तुम्ही कोणता घ्याल? मुंबईच्या सत्तावीस मजली अँटिलियाचे फोटो मोबाईलवर आपण सगळ्याच बघतो. मी मात्र जुनी घरं सांगणार आहे, कारण तिथल्या बायांचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. खांब आणि झुंबरं मोजण्याआधी मी एवढंच बघते, की त्या घरात बाईचं चालत होतं का.

सगळ्यात जवळचं घर नागपूरचं. कळमेश्वरहून नागपूरला खरेदीला गेलं की आपण महालात जातो. तिथे भोसल्यांचा राजवाडा होता. काळ्या दगडाचं बांधकाम आणि त्यावर लाकडाचं भरगच्च कोरीवकाम. हत्ती, घोडे, जडजवाहीर, कशाची कमी नव्हती. या वाड्यात दुसऱ्या रघूजींची राणी बाकाबाई राहत होती. १८१६ मध्ये नवरा गेला. दोन वर्षांत आप्पासाहेबांचं राज्य इंग्रजांनी काढून घेतलं आणि लहानग्या तिसऱ्या रघूजीला गादीवर बसवलं. त्याच्या नावाने कारभार बघायला बाकाबाई होती, पण खरा कारभार इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सच्या हातात होता.

तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले. मुलगा नव्हता. वाड्यातल्या राण्यांनी दत्तकाची बाजू मांडली, पण गव्हर्नर जनरल डलहौसीने ती मानली नाही आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य कंपनीने खालसा केलं. राज्य गेलं ते गेलंच, पुढे घरातल्या चीजवस्तूंवरून भांडण लागलं. हे दागिने राज्याचे, की आमच्या घरचे? राण्या म्हणत होत्या घरचे. कंपनी म्हणत होती राज्याचे, म्हणजे आता आमचे. १८५५ मध्ये हत्ती, घोडे, बैल लिलावात मातीमोल भावाने गेले. दागिने विकायला कलकत्त्याला रवाना झाले. के नावाच्या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवलंय की वाड्यातलं सामान हलवायला लागले तेव्हा म्हाताऱ्या बाकाबाईने वाडाच पेटवून देईन अशी धमकी दिली. सामान तरीही नेलं. राण्यांना पेन्शन बांधून दिली. १८५७ च्या धामधुमीत बाकाबाई इंग्रजांच्या बाजूने राहिली, म्हणून तिला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. माझं म्हणणं एवढंच, की ज्या बाईच्या डोळ्यांदेखत देवघरापासून तबेल्यापर्यंत सगळ्याची यादी झाली, तिच्या मनात तेव्हा काय हिशेब चालला असेल तो आपण इथे बसून सांगू नये. १८५८ मध्ये ती गेली. वाडा १८६४ मध्ये खरंच जळाला, आणि मोठा नगारखाना तेवढा उरला.

इथे मला आपलं घरकुल आठवतं. प्रधानमंत्री आवास योजनेचं घर बाईच्या नावाने किंवा नवराबायको दोघांच्या नावाने मंजूर होतं. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावाने घर विकत घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. दोन खोल्यांचं का असेना, कागदावर नाव असतं. एवढ्या मोठ्या राजवाड्यात बाकाबाईला दाखवायला असा कागद नव्हता.

आता पुण्याला चला. शनिवारवाडा थोरल्या बाजीरावांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, दोन वर्षांत वास्तुशांत झाली. तेव्हाचा खर्च १६,११० रुपये सांगतात. पुढे नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणलं. बायांच्या दृष्टीने बघितलं तर याला मी भरपूर मार्क देते. उन्हाळ्यात हांडे वाहिलेल्या बाईलाच याची किंमत कळेल. पण याच वाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला कोवळ्या वयाच्या नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी कापलं. त्यांची बायको गंगाबाई तेव्हा गरोदर होती. नळाचं पाणी असलं तरी मी तिथे राहणार नाही.

पुण्यातलाच आगाखान महाल १८९२ चा. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून तो बांधला असं सांगतात. बागा आहेत, कमानी आहेत, लांबच लांब व्हरांडे आहेत. कस्तुरबा तिथे राहिल्या, पण कैदी म्हणून. ऑगस्ट १९४२ मध्ये अटक झाली आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला त्यांनी तिथेच देह ठेवला. त्यांची समाधी तिथे आहे, एकदा तरी बघून यावी.

बडोद्याचा लक्ष्मीविलास १८९० मध्ये पुरा झाला. तो बांधणारे सयाजीराव हे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचं पोर. १८७५ मध्ये जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं. महालात दरबार भरायचा तेव्हा राणीवशाने वर जाळीआडून बघायचं. त्यांची दुसरी राणी चिमणाबाई मात्र पुढे पडदा सोडून बाहेर आली. १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याची अध्यक्ष तीच होती. पाहुणी म्हणून चार दिवस बोलावलं तर मी बडोद्याला आनंदाने जाईन.

कायमचं राहायला मी महेश्वर घेईन. १७६७ मध्ये अहिल्याबाई होळकरांच्या हाती कारभार आला. इंदूरला मल्हाररावांनी राजवाड्याचं काम सुरू केलेलं होतं. बाईंनी मात्र नर्मदेकाठच्या महेश्वरच्या किल्ल्यात राहायचं ठरवलं. तिथला वाडा दुमजली, लाकडी खांबांचा. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या मालगुजाराच्या वाड्यासारखा. त्या रोज उघड्या दरबारात बसायच्या आणि गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसाचं स्वतः ऐकायच्या. १७९५ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं असं चाललं.

पण या घराचंही सगळं सांगायला हवं. १७९१ मध्ये जावई गेला आणि लेक मुक्ताबाई सती गेली. आईने परोपरीने विनवलं, लेक थांबली नाही. आख्खं राज्य जिचा शब्द मानत होतं, तिचा शब्द त्या दिवशी घाटावर चालला नाही.

तरी मी तेच घर निवडते, कारण बाईंनी ते स्वतः निवडलं होतं. शिवाय त्यांनी विणकर आणून वसवले, त्यातून महेश्वरी साडी झाली. आजही तिथे पुष्कळ बाया मागावर बसून कमावतात. गटाची सहल काढायची तर हेच ठिकाण सुचवते. फक्त घाटाच्या पायऱ्या फार आहेत, आणि आपल्यातल्या निम्म्या जणींचे गुडघे दुखतात.