आर्केड बोर्डांतील हरवलेली किल्ली व पाठशुद्धीचा प्रश्न

हस्तलिखिताचा कागद वाळवीनें खाल्ला तर अक्षरेंहि त्याबरोबर जातात. जपानांतील कॅपकॉम कंपनीनें इ. स. १९९३ पासून वापरांत आणलेल्या 'सीपीएस-२' जातीच्या आर्केड खेळांची गोष्ट याहून विचित्र आहे. तेथें अक्षर न अक्षर शाबूत राहतें, आणि तरीहि पोथी वाचतां येत नाहीं. हे बोर्ड जमवून दुरुस्त करणारांपुढें जो प्रश्न पडला, तो हस्तलिखितें जमविणारांस परका वाटूं नये, म्हणून त्याची हकीकत येथें देतों.

याच कंपनीच्या १९९१ मधील 'स्ट्रीट फायटर २' या खेळाच्या चोरट्या नकला फार झाल्या. म्हणून पुढील बोर्डांत तिनें आज्ञालेख सांकेतिक करून चिपांत भरला. तो उलगडणारी ६४ बिटांची किल्ली मात्र बॅटरीच्या विजेवर तगून राहणाऱ्या स्मृतींत ठेविली. बॅटरी संपली कीं किल्ली पुसली जाते, व नुसती नवी बॅटरी घालून ती परत येत नाहीं. चित्रें, ध्वनि, आज्ञा सर्व जागच्या जागीं असतात. परंतु प्रोसेसरास त्या आज्ञांचा अर्थ लागत नाहीं. संग्राहक या बॅटरीस 'आत्मघातकी' म्हणतात. नांव कठोर खरें, पण चुकीचें नव्हे.

२००१ च्या आरंभीं 'सीपीएस-२ शॉक' या मंडळीनें जिवंत बोर्डांतूनच उलगडलेला आज्ञालेख बाहेर काढला. त्याच्या आधारें, मेलेल्या बोर्डावरील मूळ चिपा काढून उलगडलेल्या पाठाच्या चिपा बसविण्याचा प्रघात पडला. अशा बोर्डास 'फीनिक्स' म्हणतात. खेळ चालूं लागला. परंतु तो अस्सल कीं नक्कल? मेलेल्या बोर्डावर चालावा म्हणून त्या पाठांत फेरफार करावे लागले होते. आमच्या मतें ती नंतरच्या लेखनिकाच्या हातची प्रत होय. ती बाळगण्यांत दोष नाहीं. अस्सल म्हणून विकणें गैर.

२००७ च्या जानेवारींत आंद्रेआस नाइव्ह व निकोला साल्मोरिया यांनीं संकेताची रीतच पूर्णपणें उकलली. यांपैकीं साल्मोरिया यांनींच १९९७ मध्यें 'मेम' हा जुने खेळ संगणकावर चालविणारा प्रोग्राम सुरू केला होता. पुढें २०१६ मध्यें गेलेली किल्ली बोर्डांत पुन्हा भरण्याची युक्ति हातीं आली, आणि मूळ चिपांस हात न लावतां मेलेला बोर्ड उठवितां येऊं लागला.

मात्र फीनिक्स बोर्ड पूर्वस्थितीस न्यावयाचा तर काढलेल्या मूळ चिपा हव्यात. ज्यांच्यापाशीं त्या सुट्या पडल्या असतील त्यांनीं त्या त्याच बोर्डाबरोबर ठेवाव्या, व कोणत्या देशाची आवृत्ति तें वर लिहावें. जपानी बोर्डाचें कवच हिरवें, अमेरिकी व युरोपीय निळें, अशी खूण आहे. परंतु कवच बदलतां येतें, तेव्हां एकट्या रंगाची साक्ष पुरेशी धरूं नये.