घड्याळाचा विद्युत्-घट

घरांतील घड्याळ थांबलें म्हणजे घट ‘संपला’ म्हणून हातीं येईल तो नवा बसविला जातो. कोणता बसवावा, हा प्रश्न मात्र विजेच्या घड्याळाइतकाच जुना आहे.

स्कॉटलंडच्या उत्तर टोंकाचा अलेक्झांडर बेन विक गांवीं घड्याळजीच्या हाताखालीं शिकून लंडनला आला. १८४० सालीं त्यानें आपल्या विजेच्या घड्याळाचे नमुने प्रख्यात शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीट्स्टन यांस विश्वासानें दाखविले. यांत कांहीं अर्थ नाहीं, असें त्यांनीं सांगितलें म्हणतात; आणि त्याच नोव्हेंबरांत स्वतःचें म्हणून विजेचें घड्याळ रॉयल सोसायटीपुढें मांडलें! सुदैवानें बेननें पेटंटाचा अर्ज ऑक्टोबरांतच केला होता. तें त्याला १८४१ मध्यें मिळालें.

पण वीज आणावी कोठून? तेव्हांचे घट म्हणजे तेजाबाचीं आणि मोरचुदाचीं भांडीं; त्यांची सारखी निगा राखावी लागे. बेननें जस्त आणि कोळसा ओल्या जमिनींत पुरून तारा घरांत घेतल्या. प्रवाह अगदीं क्षीण, पण जमीन ओली आहे तोंवर टिकणारा. घड्याळाला जोर नको, सातत्य हवें, हें त्यानें अचूक ओळखलें. भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर मात्र हा उपाय कसा चालावा? अखेरच्या दिवसांत ८० पौंडांच्या सरकारी वर्षासनावर राहिलेला बेन १८७७ मध्यें वारला.

मजल्यांची अडचण लेक्लांशे या फ्रेंच गृहस्थाच्या १८६६ च्या घटानें दूर केली. त्यांत जस्त, कार्बन, मँगॅनीज डायऑक्साइड आणि कल्हईवाल्याच्या पिशवींतला नवसागर! सतत राबविल्यास हा घट थकतो, विसावा मिळतांच सावरतो; आणि घड्याळ तर क्षणभरच वीज मागतें. १८८६ मध्यें गास्नरनें त्यांतील पाणी प्लॅस्टरमध्यें जिरवून जस्ताचेंच भांडें केलें. घट कोरडा झाला, पण वीज देतांना हें भांडेंच झिजतें. त्याला भोंक पडलें कीं आंतील क्षार बाहेर येऊन पितळी पट्ट्या खातो.

आजच्या क्वार्ट्झ घड्याळांतील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळां कंप पावतो, तरी त्याची भूक अल्पच. साध्या भिंतीवरील घड्याळास दीड व्होल्टचा स्वस्त जस्त-कार्बन घट पुरतो. टोले देणाऱ्यास अल्कलाइन घ्यावा. पुन्हां भरतां येणारा घट सव्वा व्होल्टच्या आसपासच असल्यानें कांहीं घड्याळांना मानवत नाहीं. कांटा जागच्या जागीं थरथरूं लागला, कीं घट त्याच दिवशीं काढावा.