चेहरे सारखे दिसतात, ते कोणाला?

देवरी तालुक्यातील चिचगडसारख्या गावात गुराखी कळपातील कोणती गाय कोणाची, हे दुरूनच सांगतो. परक्याला सगळ्या गाई सारख्याच दिसतात. अशा गावी नव्याने बदलून आलेल्या शिक्षकाला सुरुवातीला वर्गातील मुलांच्या चेहऱ्यांतही गल्लत होते. मग दोष चेहऱ्यांचा की पाहणाऱ्याच्या नजरेचा?

या प्रश्नाला आपल्याच देशाशी निगडित इतिहास आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८९२ मध्ये बोटांच्या ठशांवर पुस्तक लिहिले. ठशांची गरज सांगताना त्यांनी दिलेले एक कारण असे, की हिंदुस्थानातील लोकांचे चेहरे युरोपियनांना सहज वेगळे ओळखता येत नाहीत. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचे कार्यालय सुरूही झाले. गावच्या कोतवालाला मात्र ही अडचण कधी आली नसणार!

१९१४ मध्ये अमेरिकेत गुस्ताव फाइनगोल्ड यांनी मांडले, की एखाद्या समाजातील माणसे वेगवेगळी ओळखता येणे हे त्या समाजाशी असलेल्या आपल्या सहवासावर अवलंबून असते. १९६९ मध्ये मालपास व क्रॅविट्झ यांनी गोऱ्या व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना छायाचित्रे दाखवून चेहऱ्यांच्या ओळखीवरील हा परिणाम प्रयोगात तपासला.

हा परिणाम जन्मजात म्हणावा, तर २००२ मध्ये पास्कालिस यांच्या गटाला वेगळेच आढळले. सहा महिन्यांची बाळे माकडांचे चेहरेही वेगवेगळे ओळखत. नऊ महिन्यांच्या बाळांना ते जमेना. रोज जे चेहरे दिसतात, त्यांच्यासाठीच नजर तयार होत जाते. ती पुढे बदलूही शकते. तीन ते नऊ वर्षे वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेले कोरियन मोठेपणी युरोपीय चेहरेच अधिक चांगले ओळखत, असे २००५ मध्ये दिसून आले.

आपल्याला सर्वांत मोलाचा प्रयोग २००९ मधला. स्कॉट व मोनेसन यांनी बाळांना घरी माकडांची चित्रे दाखवायला लावली. प्रत्येक माकडाला स्वतंत्र नाव दिले, तेव्हा बाळांची ओळखण्याची क्षमता टिकली. सगळ्यांना नुसते ‘माकड’ म्हटले, तेव्हा ती ओसरली.

म्हणूनच ओळख परेडमध्ये साक्षीदार परक्या समाजातील माणसाकडे बोट दाखवतो, तेव्हा त्याची खात्री हा पुरेसा पुरावा मानणे धोक्याचे ठरते. चुकीच्या ओळखीने निरपराध माणूस तुरुंगात जाऊ शकतो. वर्गातला उपाय त्या मानाने सोपा आहे. पहिल्या दिवसापासून प्रत्येक मुलाला त्याच्या नावाने हाक मारू या. चेहरे आपोआप वेगळे दिसू लागतील.