हाड जुळले, तरी पायाची वाढ तपासा

मुलांचे मोडलेले हाड मोठ्यांपेक्षा लवकर जुळते. मात्र, प्लास्टर निघाले म्हणजे काळजी संपली, असे नव्हे. साधारण २ ते १० वर्षे वयात मांडीचे हाड मध्यभागी मोडल्यास त्याची वाढ काही काळ वेगाने होते आणि तो पाय सुमारे १ सेंटिमीटर लांब होऊ शकतो. ही जादा वाढ मुख्यत्वे पहिल्या दोन वर्षांत होते.

याउलट, हाडाच्या टोकाजवळील वाढीच्या कूर्चेला, म्हणजे 'ग्रोथ प्लेट'ला इजा झाल्यास वाढ खुंटून पाय आखूड किंवा वाकडा होऊ शकतो. मूल जितके लहान, तितका हा फरक वाढत जाण्याचा धोका अधिक.

दोन सेंटिमीटरपर्यंतच्या फरकाला सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. गरजेनुसार बुटाचा तळ उंच केला जातो. त्याहून मोठ्या फरकात लांब पायाची वाढ शस्त्रक्रियेने रोखता येते. पण हा उपाय मुलींमध्ये साधारण १४ व्या, तर मुलग्यांमध्ये १६ व्या वर्षी वाढ थांबते, त्याआधीच करावा लागतो. म्हणूनच मूल लंगडत नसले, तरी अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितलेल्या तपासण्या चुकवू नयेत.